नळीवरचा नंबर

[दृश्य : कारखाना, खिडकीजवळचं बाक]

बिहारमधलं मुंगेर. समोर दिसतेय ती बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, अजून बसायचाय. कारागीर नळी उजेडाकडे धरून आत बघतोय. आत उजेडाची गोल कडी जिथे मोडलेली दिसेल, तिथे नळीत खोट. अशी नळी बाजूला निघते.

अठराव्या शतकात नवाब मीर कासिमने राजधानी इथे हलवली, आणि शस्त्रं घडवणारे हात या गावात रुजले. बातम्यांत मुंगेर येतं ते गावठी कट्ट्यांसाठी. रीतसर परवान्यावर चालणाऱ्या या कारखान्यांकडे कॅमेरा सहसा वळत नाही.

[दृश्य : हातोडी, ठसे, जवळून]

आता हातोडीकडे बघा. पोलादी ठशाचा एकेक आकडा, त्यावर एकेक घाव. जोर कमी पडला तर आकडा पुसट उठतो, ठसा हलला तर दुहेरी. म्हणून हा माणूस घाव घालताना बोलत नाही, आणि आम्हीही प्रश्न विचारले नाहीत.

शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 8 याच आकड्यांसाठी आहे. बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह नसलेली बंदूक विकता येत नाही. आणि तुमच्याकडे नंबर खरवडलेली बंदूक सापडली, तर तो तुम्हीच खरवडला असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे सिद्ध करायचं तुम्ही. आमच्या मते अख्ख्या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम हेच. नंबर नसेल, तर बंदूक कुठून निघून कुणाच्या हाती गेली हे शोधायचं कशावरून?

बंदूक बनवायलाच नव्हे, दुरुस्त करायला आणि चाचणी घ्यायलाही परवाना लागतो. नळी कापून आखूड करायची म्हटलं तरी वेगळा परवाना. घरच्या घरी काहीच चालत नाही.

[दृश्य : प्रूफ चाचणी, दुरून]

हा आवाज प्रूफ चाचणीचा. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून बघतात. नळी टिकली, तरच बंदूक पुढे जाते.

[दृश्य : दुकानाचा काउंटर, परवान्याचं पुस्तक]

घेणाऱ्याची वाट वेगळी. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज, मग पोलिसांचा अहवाल. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, ते काही कुणी चित्रित करू देत नाही. परवाना मिळाला की त्यावर यूआयएन, म्हणजे देशभरात त्या माणसाचा एकच क्रमांक. आणि इथे बघा, दुकानदार नळीवरचा नंबर वाचून परवान्यावर चढवतोय. एकदा बोट ठेवून, मग पुन्हा एकदा.

पिकाच्या राखणीसाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक हवी असलेल्या शेतकऱ्यालाही कायद्यात वेगळी तरतूद आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत ती अजून असते.

2019 च्या कायदादुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, परवाना मात्र तीनऐवजी पाच वर्षं चालतो. विनापरवाना बंदूक बनवली तर किमान सात वर्षं कैद, कमाल जन्मठेप. स्वतःची परवान्याची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल, तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं.