पन्नास वाव खाली

(पहाट. जहाजाचं डेक. विंचचा आवाज.)

मुंबईचा किनारा दिसेनासा झालाय. पाणी ४० मीटर. तारेला लटकलाय तो कोरर. पोलादी नळी, डोक्यावर शिशाची वजनं, आत प्लॅस्टिकची दुसरी नळी. तार सोडली की हा आपल्याच भाराने तळात रुततो आणि थर न मोडता तळाचा तुकडा वर आणतो.

(कोरर वर येतो. चिखल ओघळतो.)

आला! नळीला बाहेरून चिखल किती वर लागलाय ते आधी बघायचं, म्हणजे किती रुतली ते कळतं. रंग हिरवट करडा. चिमूटभर दाताखाली धरला तरी कचकच नाही, इतका मऊ. यातला बराचसा नर्मदा-तापीने आणलेला. अकोल्याची पूर्णा तापीला मिळते. उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या शेताला भेगा पाडणारी जी काळी माती, तिचेच बारीक कण इथवर आलेत.

(रात्र. दूरवर ज्वाळा.)

बॉम्बे हाय, समुद्रातलं तेलक्षेत्र. १९७४ साली विहीर खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ला इथे तेल लागलं. आपल्याला आणखी पश्चिमेला जायचंय.

(एको साउंडरचा पडदा.)

जहाजाखालून आवाज सुटतो, तळाला आपटून परततो. पाण्यात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, त्यामुळे ९० मीटरवरून परतायला सेकंदाचा आठवा भागही लागत नाही. कालपर्यंत पडद्यावरची तळाची ही रेघ सारवलेल्या अंगणासारखी होती. आज उंचवटे, खळगे, मध्येच दगडी कंगोरे.

इथे कोरर रुतत नाही. दोनदा टाकला, दोनदा रिकामा आला. मग ग्रॅब सोडला. दोन पोलादी जबडे, तळाला टेकून तार ओढली की मिटतात.

(ग्रॅब उघडतो. तळहातावर वाळू.)

चिखलाचा मागमूस नाही. शिंपल्यांचे तुकडे, आणि हे गोल दाणे बघा, थेट गाबोळी! चुन्याचे आहेत. उथळ, उबदार पाण्यात लाटा दाण्याला लोळवत राहतात, त्यावर चुन्याचा पापुद्रा चढत जातो, तेव्हा तो असा घडतो. ९० मीटर खाली रोजची लाट पोचत नाही. म्हणजे तेव्हा इथे जेमतेम पुरुषभर पाणी असणार.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. बर्फ वितळलं तसा किनारा पूर्वेकडे सरकला, मध्ये मध्ये थबकत. थबकला तिथे वाळू साचली, चुनखडक वाढले. नकाशावर या भागाचं नाव फिफ्टी फॅदम फ्लॅट, म्हणजे पन्नास वाव, साधारण ९० मीटर. शाळेच्या भूगोलात आपण ‘समुद्रबूड जमीन’ पाठ केली, ती ही. खरोखरची बुडालेली जमीन.

नद्यांचा बहुतेक गाळ किनाऱ्याजवळच बसतो. म्हणून हे दाणे हजारो वर्षं असे उघडे पडलेत.

तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी हे सगळं विस्कटते, आणि या दाण्यांना घडवणारं उथळ पाणी आता इथे नाही.

(प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शक.)

हा कापलेला दाणा. कांद्यासारखी वलयं. मधोमध तो ठिपका आहे ना, तो शिंपल्याचा कण. सगळे पापुद्रे त्याच्याभोवती चढलेत.