फळगळ कुणी मोजली?

(दृश्य : कळमना बाजार, पहाट. संत्र्यांचे ढीग.)

फेब्रुवारीतली पहाट. नागपूरच्या कळमना बाजारात मृग बहाराची संत्री ओतली जातायत. देठाला अजून हिरवं पान असलेलं एखादं फळ उचला, मग अख्खा ढीग बघा. वाटेल, यंदा विदर्भातलं झाडन् झाड लगडलंय. पण फळगळीत बुंध्याशी पडलेली फळं इथवर पोचतच नाहीत. पाण्यावाचून वाळलेली झाडंही नाहीत. ढिगावरून बागेचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

विश्वाच्या बाबतीत आपली हीच गोची आहे.

रिकाम्या पोकळीलाही थोडी ऊर्जा असते. सिद्धांतावरून तिचा ढोबळ हिशेब केला, तर आकडा प्रत्यक्षापेक्षा एकावर १२० शून्यं इतक्या पटींनी मोठा येतो. तेवढी ऊर्जा खरंच असती, तर अवकाश इतक्या झपाट्यानं ताणलं गेलं असतं की दीर्घिका जमल्याच नसत्या. मग ती इतकी कमी कशी?

इथे येतं इन्फ्लेशन. बाजारात हा शब्द काढला तर लोक भाव सांगायला लागतील. पण हे महागाईचं नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडलं, की आरंभी विश्व सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात अफाट फुगलं. पुढे अलेक्झांडर विलेन्किन आणि आंद्रे लिंडे यांनी दाखवलं, की हे फुगणं सगळीकडे एकदम थांबेलच असं नाही. ठेल्यावर उकळणारी तर्री बघा. इथे एक बुडबुडा, तिथे दुसरा. फक्त हे पातेलं बुडबुड्यांपेक्षा वेगानं मोठं होत राहतं. प्रत्येक बुडबुडा एक विश्व, आणि पोकळीतली ऊर्जा कदाचित प्रत्येकात निराळी. बहुतेक सगळी फळगळच. तिथे दीर्घिका नाहीत, म्हणून असले प्रश्न विचारणारंही कुणी नाही.

पळवाट वाटते ना? मलाही वाटायची. पण स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये याच विचारानं गणित मांडलं. दीर्घिका बनायच्या, तर ही ऊर्जा जास्तीत जास्त किती चालेल? मर्यादा निघाली. ऊर्जा अगदी शून्यच असायला मात्र काही कारण दिसेना. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांचा, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांचा, प्रकाश तपासणाऱ्या दोन गटांना कळलं, विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. म्हणजे ऊर्जा शून्य नाही, आणि त्या मर्यादेच्या आत आहे.

घोडं अडतं ते पुढे. बुडबुडे अनंत असतील, तर त्यांतले आपल्यासारखे शेकडा किती? कळमन्यातला ढीग कुठेतरी संपतो, म्हणून टक्का काढता येतो. अनंत ढिगात मोजणी कशी करता त्यावर उत्तर बदलतं, आणि ती कशी करावी यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

(दृश्य : लिलाव आटोपलाय. ट्रकमध्ये क्रेट चढतायत. खाली सांडलेली संत्री एक बाई टोपलीत वेचतेय.)