स्कोअर काय? शून्य-शून्य!

(दृश्य: ठाणे, घोडबंदर रोड. जाळीतलं टर्फ, फ्लडलाइट. रात्र.)

रात्रीचे दहा. बॉक्स क्रिकेटवाल्यांची शेवटची ओव्हर रेंगाळलीये आणि फुटबॉलवाले जाळीबाहेर बुटांच्या लेस आवळतायत. "दादा, आवरा, आमचा टाइम झाला!" टर्फ एकच. स्टम्प उचलायचे, कोपऱ्यातले छोटे गोलपोस्ट पुढे ओढायचे, की खेळ बदलला. क्रिकेटवाले बॅगा खांद्याला लावून निघतात. त्यातले दोघं-तिघं मात्र जाळीत बोटं अडकवून तिथेच उभे राहतात. घरून फोन येतोय, पण पाय निघत नाही.

हे निवेदन अशा रेंगाळणाऱ्यांसाठी आहे.

आपल्याकडे खेळ बघणारा माणूस मुळात क्रिकेटचा, नाहीतर कबड्डीचा. फुटबॉलबद्दल त्याची तक्रार ठरलेली: नव्वद मिनिटं नुसते धावतात आणि शेवटी काय, तर शून्य-शून्य. तक्रार अगदीच खोटी नाही. २०२२च्या वर्ल्ड कपमध्ये ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला सरासरी तीनसुद्धा नाहीत.

पण गंमत त्या कमतरतेतच आहे. टी-ट्वेंटीत एक सिक्स हुकला तर पुढच्या बॉलवर दुसरा बसू शकतो. इथे हुकलेली संधी परत येईल याची खात्री कुणीच देत नाही. म्हणून पोस्टला लागून बाहेर गेलेल्या चेंडूवर अख्खं स्टेडियम डोक्याला हात लावतं. धावफलकावर त्याची नोंदसुद्धा होत नाही.

माझं तर स्पष्ट मत आहे की, टी-ट्वेंटीवाल्यापेक्षा टेस्ट बघणाऱ्याला फुटबॉल लवकर पचतो. लागोपाठ चार मेडन पडल्या की फलंदाज आता काहीतरी वेडंवाकडं करणार, हे ज्याला आधीच जाणवतं, त्याला शून्य-शून्यमध्ये पुष्कळ काही दिसतं. एक संघ वीस मिनिटं समोरच्याला त्याच्याच हद्दीत कोंडून ठेवतो. कोंडलेल्यांचे पाय जड होतात, क्लिअरन्स, म्हणजे चेंडू आपल्या गोलपासून लांब उडवण्याचे फटके, आखूड पडायला लागतात. विकेट पडायच्या आधीचा तो तास आठवा. आणि बरोबरी झाली तरी बिघडत नाही. ड्रॉ झालेल्या टेस्टवर आपल्याकडे वर्षानुवर्षं गप्पा चालतात.

(दृश्य: मातीचं कबड्डीचं मैदान. सात जणांची साखळी, चढाईला आलेला एकटा.)

कबड्डीवाल्यांची गोष्ट याहून मजेशीर. त्यांना फुटबॉल शिकवावा लागत नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगावं लागतं. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत येतो, तेव्हा बचाव करणारे एकमेकांच्या हातात हात धरून सरकतात. डावा कोपरा पुढे आला, तर उजव्यानं किती मागे राहायचं, हे ठरलेलं असतं. एकानं घाई केली की साखळी तुटते आणि चढाईपटू त्याच फटीतून निसटतो.

आता फुटबॉलमधले मागचे चार डिफेंडर बघा. हातात हात नाहीत, पण सरकणं तेच. ज्याची सगळ्यांनी धास्ती घेतलेली असते, तो ऑफसाइडचा नियमही या सरकण्यातूनच कळतो. पास सुटण्याच्या क्षणी, समोरच्या हद्दीत, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असाल, तर ऑफसाइड. शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर असतो. म्हणजे डिफेंडरांची रांग एकदम पुढे सरकली की स्ट्रायकर आपोआप अडकतो. पण त्यातला एक जण आळसानं मागे राहिला, तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. कोपरा आणि कव्हर म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आणखी समजावण्याची गरज नाही. (थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतो, एवढं लक्षात ठेवा. वाद घालताना उपयोगी पडतं.)

(दृश्य: नेरूळ, डी. वाय. पाटील स्टेडियम.)

हे क्रिकेटचं मैदान. २००८च्या पहिल्या आयपीएलची फायनल इथेच झाली. २ नोव्हेंबर २०२५ला भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप उचलला, तोही इथेच. आणि त्याच गवतावर २०१७मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल वर्ल्ड कपची सेमीफायनल झाली: स्पेन ३, माली १. स्पेनच्या गोल करणाऱ्यांत फेरान टोरेस होता. पाच वर्षांनी त्यानंच मोठ्या वर्ल्ड कपमध्ये कोस्टारिकाविरुद्ध दोन गोल मारले. नेरूळला त्या दिवशी तिकीट काढलेल्यांनी ही बढाई खुशाल मारावी.

त्या सामन्यात मालीचा एक लांबून मारलेला फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला. गोल दिला गेला नाही. डीआरएसची सवय असलेल्या माणसाला हे पाहून भयंकर चीड येते. यायलाच हवी, पण ती आली, की समजायचं, आता हा आपल्यातला झाला.

२०२२मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनलही इथेच. ८०व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग दोनच मिनिटांनी कोलंबियाच्याच खेळाडूकडून चेंडू स्वतःच्या गोलमध्ये गेला आणि स्पेन १-० जिंकलं.

वेळेचा मुद्दा थोडक्यात: पंचेचाळीस, पंधरा, पंचेचाळीस आणि वर थोडा भरपाईचा. साखळी सामना दोन तासांच्या आत आटोपतो. ओव्हर संपली म्हणून जाहिरात, विकेट पडली म्हणून जाहिरात, असलं काही नाही. चहा टाकायचा तर हाफटाइमपर्यंत थांबा.

(दृश्य: स्टेडियमचा वरचा मजला, तिथून दिसणारं अख्खं मैदान.)

पहिल्यांदा जाताना महागाचं, मैदानालगतचं तिकीट घेऊ नका. वर बसा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडू नसलेला गडी काय करतोय, ते फक्त इथून दिसतं. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला वेळ तो जागा शोधत असतो, नाहीतर कुणाची तरी जागा अडवत असतो. एक डिफेंडर निवडा आणि पंधरा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात, तो लांब जाईल. मग जवळ आलेल्यांतला दुसरा धरा.