नातवंडं सांभाळण्याचे पैसे आणि अमेरिकेतला टॅक्स

नमस्कार मंडळी. अमेरिकेत राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी आजचा व्हिडिओ आहे, आणि त्यांच्या हातात दर महिन्याला काही पैसे ठेवणाऱ्या मुला-मुलींसाठी तर जास्तच.

नातवाला सांभाळायचे पैसे घ्यावेत का, या वादात मी पडत नाही. तो तुमच्या घरचा मामला. पण डेकेअरचं बिल बघून मुलगा म्हणतो, "आई, यातले थोडे तुलाच देतो की," आणि आई आढेवेढे घेत हो म्हणते. त्या पैशांवर टॅक्स लागतो का?

लागतो. आयआरएस म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं. त्याच्या प्रकाशन ५२५ या माहितीपुस्तिकेत बेबीसिटिंगवर वेगळा मजकूर आहे आणि त्यात नातेवाइकांची मुलं सरळ धरलेली आहेत. रोज सांभाळा नाहीतर अधूनमधून, रोख घ्या नाहीतर चेकने, ते उत्पन्न आहे.

"मग गिफ्ट म्हणून दिले तर?" हा प्रश्न हमखास येतो. खरी भेट असेल तर घेणाऱ्याला टॅक्स नाहीच. २०२५ मध्ये एकाने एकाला १९,००० डॉलरपर्यंत दिले, तर देणाऱ्यालाही गिफ्ट टॅक्सचा रिटर्न भरावा लागत नाही. पण दर शुक्रवारी तासांचा हिशोब करून पैसे मिळतात, आणि आजी आठवडाभर गावाला गेली की मिळत नाहीत, तर ती भेट कसली? तो मोबदला झाला. चेकवर 'वाढदिवसानिमित्त' लिहून तो बदलत नाही. हां, आजीने आणलेल्या डायपरचे पैसे बिल बघून परत दिले, तर ती मात्र मजुरी नव्हे.

आता खरी गोम. टॅक्स किती, हे आजी कामाला कोणत्या नात्याने आहे यावर ठरतं. ती स्वतंत्र व्यवसाय करते, की मुलाच्या घरातली नोकर आहे? शब्द कानाला बरा लागत नाही, पण कायद्यात तोच आहे. काय करायचं आणि कसं करायचं हे ठरवायचा अधिकार कोणाकडे, ते आयआरएस बघतं. आजीला कोण शिकवणार, हे तुम्ही मनात म्हणालातच; पण कागदावर उत्तर द्यावं लागतं.

समजा, आजी नातवाला स्वतःच्या घरी, स्वतःच्या पद्धतीने सांभाळते आणि स्वतंत्र व्यावसायिक ठरते. महिना ५०० म्हणजे वर्षाला ६,००० डॉलर, खर्च काही नाही. ही रक्कम शेड्युल सी वर, म्हणजे रिटर्नसोबतच्या धंद्याच्या हिशोबाच्या फॉर्मवर जाते. दुसरं उत्पन्न नसेल तर स्टँडर्ड डिडक्शनमुळे, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणाऱ्या वजावटीमुळे, इन्कम टॅक्स शून्य. इथे लोक निश्चिंत होतात आणि फसतात, कारण सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्याने सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांसाठी भरायचा टॅक्स, वेगळा असतो. निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की तो लागू. ६,००० च्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के, म्हणजे साधारण ८४८ डॉलर.

तीच आजी मुलाच्या घरी येऊन, त्याने ठरवल्याप्रमाणे काम करते आणि नोकर ठरते, तर? स्वतःच्या आईला किंवा वडिलांना घरकामासाठी दिलेल्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर टॅक्स सहसा लागत नाही. ते ८४८ डॉलर वाचले! इन्कम टॅक्ससाठी रक्कम दाखवायचीच. डब्ल्यू-२, म्हणजे मालकाने द्यायचा पगाराचा दाखला, मिळाला नसेल तर फॉर्म १०४० च्या, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नच्या, ओळ १बी वर.

याला अपवाद आहे. पगार देणारा मुलगा किंवा मुलगी घटस्फोटित असून पुन्हा लग्न केलेलं नाही, किंवा जोडीदार वारलाय, किंवा आजारपणामुळे जोडीदाराला तिमाहीत सलग किमान चार आठवडे मूल सांभाळता येत नाही, आणि नातवंड १८ वर्षांखालचं आहे. मग ही सूट उडते. २०२५ मध्ये वर्षाचा रोख पगार २,८०० डॉलर किंवा जास्त असेल तर पगार देणाऱ्याने आणि आजीने प्रत्येकी ७.६५ टक्के भरायचे.

सूट नेहमी फायद्याचीच, असंही नाही. ग्रीन कार्डवर आलेल्या बऱ्याच आई-बाबांना सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनसाठी लागणारी ४० क्रेडिट्स (कमाईवर मिळणारे गुण) हवी असतात. सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स भरला की ती जमतात. २०२५ मध्ये १,८१० डॉलरच्या कमाईला एक, वर्षाला जास्तीत जास्त चार. सूट असलेल्या पगारावर एकही नाही. पण म्हणून सोयीचा प्रकार निवडता येत नाही हं, काम खरोखर जसं चालतं तसंच दाखवायचं.

मुलाच्या बाजूने बघू. मूल १३ वर्षांखालचं असेल आणि आई त्याच्या रिटर्नवर डिपेंडंट (अवलंबून असलेली व्यक्ती) नसेल, तर तिला दिलेल्या पैशांवर तो फॉर्म २४४१ भरून क्रेडिट, म्हणजे टॅक्समध्ये थेट सवलत, मागू शकतो. एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च त्यात धरतात. त्या फॉर्मवर आईचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (तो नंबर नसलेल्यांना आयआरएस देतं तो टॅक्स क्रमांक) लिहावा लागतो. म्हणजे मुलाने क्रेडिट घेतलं आणि आईने उत्पन्न दाखवलं नाही, तर दोन्ही कागद आयआरएसकडेच असतात.

आणि व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेले आई-बाबा? त्या व्हिसावर पगार घेऊन काम करता येत नाही, आणि टॅक्स भरला म्हणून ते चालून जात नाही. तुमचं तसं असेल तर टॅक्सवाल्याकडे नको, आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा.