पाणी जास्त झालं तर

[दृश्य: हॉपकिंटन, मॅसॅच्युसेट्स. सुटायच्या रेषेमागे धावकांची गर्दी.]

बोस्टन मॅरेथॉन इथूनच सुटते. ४२.१९५ किलोमीटर. २००२ साली संशोधकांनी या धावकांची शर्यतीआधीची आणि नंतरची वजनं नोंदवली, आणि धावून आलेल्यांचं रक्त घेतलं. ४८८ जणांचे नमुने तपासले गेले. १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, घसरलं होतं. तिघांचं तर लिटरमागे १२० मिलिमोल किंवा त्याहूनही खाली. एरवी ते १३५ ते १४५ असतं.

घाम गाळला, मीठ गेलं, असंच वाटतं ना? पण घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. घर्मग्रंथी जाता जाता बरंचसं सोडियम परत ओढून घेतात, आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक त्यांना ते करायला लावतं. म्हणजे नुसता घाम गेला तर रक्तातलं सोडियम उलट वाढायला हवं.

[दृश्य: पाण्याचं टेबल. कागदी पेले, पुढे झालेले हात.]

घसरलेल्या सोडियमचं सर्वांत घट्ट नातं निघालं ते वाढलेल्या वजनाशी. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढलेलं! जितका घाम गेला, त्याहून जास्त पाणी पोटात गेलं होतं. चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांना धोका अधिक. पुढचे गडी पेला तोंडाला लावतात न लावतात तोच पुढे जातात. मागच्यांना प्रत्येक टेबलापाशी थांबायला सवड असते.

पण जादा पाणी लघवीवाटे का जात नाही? इथे एडीएच येतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारं हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतं. रक्त पातळ झालं की ते थांबायला हवं. मात्र तासन् तासांचे श्रम, मळमळ, वेदना यांमुळे ते सुटतच राहतं. वरून पाणी येतंय, खालची वाट बंद.

हे पाणी मग पेशींत शिरतं. स्नायू थोडे फुगले तर फारसं बिघडत नाही, पण कवटीत मेंदूला फुगायला जागाच नाही. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात. बघणाऱ्याला वाटतं, ऊन लागलं, आणि तो आणखी एक बाटली पुढे करतो. स्पोर्ट्स ड्रिंक दिलं म्हणून सुटका नाही. जाहिरात काहीही म्हणो, त्यातलं सोडियम रक्ताच्या मानाने फारच कमी असतं.

[दृश्य: वैद्यकीय तंबू. बोटाएवढ्या नळीत रक्त, शेजारी तपासणीचं छोटं यंत्र.]

म्हणूनच इथे आधी सोडियम मोजतात, सलाइनचं नंतर बघतात. आकडा खाली आणि रुग्ण भ्रमात असेल, तर नेहमीचं नाही, ३ टक्के मिठाचं सलाइन शिरेतून देतात. एका वेळी फक्त १०० मिलिलिटर. त्यानंतर डॉक्टर लघवीची वाट पाहतात. एडीएच ओसरलं की ती भरपूर होते, आणि सोडियमचा आकडा वर चढू लागतो.