बाहेर, आउट आणि आउटसाइड

नमस्कार श्रोतेहो.

घरी फोन येतो. पलीकडचा माणूस इंग्रजीत विचारतो, वडील आहेत का? वडील बाजारात गेलेत. मुलगी उत्तर देते, "ही इज आउटसाइड." पलीकडचा म्हणतो, मग जरा बोलावतेस का? कारण त्याच्या डोळ्यांपुढे वडील ओट्यावर उभे आहेत! तिला म्हणायचं होतं, "ही इज आउट."

ही चूक शाळा-कॉलेजातली हुशार मुलंही करतात. तिचं मूळ आपल्या 'बाहेर'च्या ऐसपैसपणात आहे. बाहेर पाऊस पडतोय, साहेब बाहेर गेलेत, थोरला बाहेर असतो, बाहेरचं खाऊ नकोस. शब्द एकच, पण थोरला पुण्याला असतो की अमेरिकेत, हे ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. इंग्रजी मात्र अंतराप्रमाणे शब्द बदलते. दारापलीकडे असेल तर आउटसाइड, घरी किंवा कचेरीत नसेल तर आउट, गावात नसेल तर आउट ऑफ टाउन, परदेशी असेल तर अब्रॉड. तेव्हा बोलण्याआधी मनात एवढंच विचारावं: हाक मारली तर ऐकू जाईल का? जात असेल, तर बहुतेक वेळा आउटसाइड चालतो.

गावाला गेलेल्या माणसाला आपण 'आउट ऑफ स्टेशन' म्हणतो. हे स्टेशन रेल्वेचं नव्हे. ब्रिटिश अमदानीत अधिकाऱ्यांच्या आणि पलटणींच्या नेमणुकीच्या ठिकाणाला स्टेशन म्हणत. महाबळेश्वरला आपण हिल स्टेशन म्हणतो, त्यातलं स्टेशनही त्याच घराण्यातलं. ठाणं सोडून साहेब दौऱ्यावर निघाला की तो आउट ऑफ स्टेशन. साहेब गेले, शब्द राहिला, आणि बँकांमध्ये 'आउटस्टेशन चेक' होऊन बसला. लंडनमध्ये हा प्रयोग आज बहुतेकांना कळायचा नाही. तिथे आउट ऑफ टाउन म्हणावं. पण भारतात तो चुकीचा म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मला ते मान्य नाही. तो आपल्या इंग्रजीचा रुळलेला शब्द आहे.

आता व्याकरणातली एक अडचण. 'देवळाच्या बाहेर' यातल्या 'च्या'मुळे आपल्या तोंडी 'आउटसाइड ऑफ द टेंपल' येतं. अमेरिकेत ते सर्रास चालतं, ब्रिटिश वळणात 'आउटसाइड द टेंपल' पुरतं. मात्र 'गो टू आउटसाइड' कुठेच चालत नाही. बाहेर जा म्हणजे 'गो आउटसाइड'. मधला 'टू' काढून टाका. आउटडोअर हे विशेषण, म्हणून आउटडोअर गेम्स; पण मुलं उघड्यावर खेळतात हे सांगताना शेवटी स लागतो: आउटडोअर्स.

क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्यांना 'आउटसाइड द ऑफ स्टंप' शिकवायला नको. रस्त्यावर मात्र जपून. ब्रिटनमध्ये 'आउटसाइड लेन' म्हणजे रस्त्याच्या मध्याकडची, पुढे जाणाऱ्या गाड्यांची मार्गिका. अमेरिकेत तेच दोन शब्द रस्त्याच्या कडेची मार्गिका दाखवतात.

आणि एक प्रयोग फार कमी जण वापरतात: 'अॅट द आउटसाइड', म्हणजे फार तर फार. दुरुस्तीला किती वेळ लागेल असं विचारल्यावर कारागीर 'टू अवर्स अॅट द आउटसाइड' म्हणाला, तर दुकानाबाहेर ताटकळू नका. तो जास्तीत जास्त दोन तास सांगतोय.

नमस्कार.