बेकरीत राहिलेला केक

नमस्कार श्रोतेहो. आज रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराबद्दल बोलणार आहे. खरं म्हणजे त्याच्या एकाच कथेबद्दल.

कार्व्हर १९३८ चा, ओरेगन राज्यातला. वडील लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचे. यानं १९ व्या वर्षी लग्न केलं, पाठोपाठ दोन मुलं झाली. पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीची झाडलोटही केली. त्या धबडग्यात कादंबरी कुठली लिहिणार? एका बैठकीत उरकेल तेवढंच लिहायचो, असं तो सांगे.

तर ती कथा. मुलाच्या आठव्या वाढदिवसासाठी आई केक सांगून येते. चॉकलेटचा, वर अंतराळयान. बेकरीवाला तुटकपणे ऑर्डर लिहून घेतो. वाढदिवसाच्याच सकाळी शाळेच्या वाटेवर पोराला मोटार धडकते. पोरगा इस्पितळात, केक दुकानात. बेकरीवाल्याला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याचे १६ डॉलर अडकलेत. तो नाव न सांगता घरी फोन करत राहतो, रात्री-अपरात्रीसुद्धा.

१९८१ च्या संग्रहात ही कथा ‘द बाथ’ नावानं आली. गॉर्डन लिश या संपादकानं तिला अशी कात्री लावली होती, की शेवटी फोन वाजतो आणि कथाच संपते. पोराचं पुढं काय झालं, पत्ता नाही. या आटोपशीरपणाचं कौतुक फार झालं. मला मात्र तो शेवट जरा चलाख वाटतो.

१९८३ मध्ये कार्व्हरनं ती सविस्तर छापली, ‘अ स्मॉल, गुड थिंग’. इथं मुलगा जातो. फोन कुणाचे ते आईच्या लक्षात येतं आणि रात्रीच दोघं नवराबायको बेकरीवर जाऊन थडकतात, भांडायलाच. बेकरीवाला आधी हातात लाटणं घेऊन उभा! मग खरं कळतं, तसं लाटणं खाली ठेवतो, बसायला खुर्च्या देतो, माफी मागतो, दालचिनीचे गरम रोल पुढं करतो. आईला एकाएकी भूक लागते. ती तीन रोल खाते. घरात मूल गेलंय आणि आपल्याला भूक लागलीय, ही लाज वाटावी अशी गोष्ट लिहायला धीर लागतो. लांबलेल्या पानांची किंमत इथं वसूल होते.

दोन्ही मिळवून वाचा, पण आधी छोटी. उलट क्रमानं वाचलीत, तर छोटी पाहून पुस्तकाची पानंच गळालीत असं वाटेल.